पोवळी कशानं मरत होती

दादा, तुझ्या नंबरवरून फोन आला म्हणून मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "काय, पटलं ना? ऊन नाहीये ते!" असंच म्हणाले. आदल्या संध्याकाळी आपण त्यावरूनच भांडून फोन ठेवला होता. मला वाटलं, स्वारी शरण आली. पलीकडं कुणीतरी घसा खाकरला. "ताई, तुमी डॉक्टरसायबाच्या कोण लागता?" आवाज अनोळखी होता. "फोनमधी शेवटचा नंबर तुमचाच दिसून राहिला, म्हणून लावला." मी लॅबमध्ये होते. हातात कुणाच्या तरी रक्ताची नळी होती. ती मी स्टँडमध्ये नीट उभी केली, टोपण घट्ट आहे का तेही बघितलं, आणि मग खाली फरशीवर बसले.

धर्माबादजवळच्या एका वस्तीवर म्हैस अडली होती. तू सकाळीच गेलास, आत हात घालून रेडकू वळवलंस, सुखरूप बाहेर काढलंस. बादलीत कोपरापर्यंत हात धुतलेस, बाजेवर बसलास, चहा टाका म्हणालास. चहाला उकळी फुटेपर्यंत तू संपला होतास. तो म्हशीवाला मला फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता, "रेडी झाली ताई, लई चांगली हाय, उभी बी राहिली." बिचाऱ्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काही चांगलं नव्हतं. तेव्हापासून कुणी तुझा विषय काढला की मला आधी ती रेडी दिसते, ओली, थरथरत उभी राहिलेली. तू दिसतच नाहीस. 'विलासदादा गेला' हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं, तरी ते मला अजून दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाटतं.

हे मी लातूरला परत आल्यावर लिहितेय. तेरावा मागच्या आठवड्यात झाला. वहिनी हे वाचणार नाही आणि आईला वाचता येत नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहिते. तुला रडून दाखवायला नाही लिहीत. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. पोवळी कशानं मरत होती, ते मला कळलं.

तुझ्या त्या टाकीला सगळी गल्ली 'समुद्र' म्हणायची. नांदेडात समुद्र! लोक गुरुद्वारा बघायला येतात, गोदावरीत बुडी मारायला येतात, आणि जाताना तुझ्या दिवाणखान्यात डोकावून जातात. खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी, पाणी गार ठेवायचं यंत्र, इन्व्हर्टर, निळे दिवे, आणि त्या दिव्यांखाली हलणारी जिवंत पोवळी. पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा एवढंच ठाऊक असलेल्या आपल्या नातलगांना तू सांगायचास, हा खडा नाही, हे जनावर आहे, ह्याला तोंड आहे, भूक आहे. "अन् हे समुद्रातून ओरबाडून आणलेलं न्हाई हां," असंही दर वेळी सांगायचास. "हैदराबादचे एक गृहस्थ टाकीतच वाढवतेत. गुलाबाचं कलम करतो न आपण, तसं." एकाला तू 'बटणं' म्हणायचास, कारण ती एकमेकांना चिकटलेली रंगीत बटणं दिसायची. एकाला 'छत्री'. पाहुण्यांच्या पोरांना छत्री उघडमीट करताना दाखवायची तुला भारी हौस. जनावरांचा डॉक्टर माणूस, दिवसभर शेणामुतात हात, आणि घरी आला की कापसाच्या बोळ्यानं काच पुसत बसलेला.

आई पहिल्यांदा त्या टाकीपुढं उभी राहिली ते मला लख्ख आठवतं. गुडघ्यांनी तिला घरात डांबून ठेवलं होतं, गोदावरीच्या, म्हणजे तिच्या गंगेच्या, घाटावर जाणं बंद झालं होतं. तिनं काचेला हात लावला. "ही गंगा हाय का रं इलास?"

"गंगा न्हाई आई, समिंदर हाय."

"मंग एकच झालं. समद्या गंगा तकडंच जातेत."

असं म्हणून तिनं कमरेच्या चंचीतून एक पैसा काढला आणि आपण काही म्हणायच्या आत पाण्यात सोडला. तिची तरी काय चूक? आपण लहानपणी मामाकडं निघालो की एसटी गोदावरीच्या पुलावर येताच ती आपल्या तळहातावर एकेक नाणं ठेवायची. खिडकीतून टाका, हात जोडा. तू नाणं टाकल्यासारखं करून खिशात घालायचास आणि मामाच्या गावात गोळ्या घ्यायचास, हेही मला माहीत आहे. आपल्याकडच्या माणसाला वाहतं पाणी दिसलं की त्याचा हात आपोआप खिशाकडं जातो.

त्या दिवशी तू लांब चिमट्यानं तो पैसा बाहेर काढलास. निजामाच्या वेळचा, मधे भोक असलेला, तांब्याचा. तू आईला पाटावर बसवून समजावलंस की माशाला एक वेळ तांबं चालेल, ह्या बिनहाडाच्या जिवांना चालत नाही, त्यांना ते विषच. मग तिच्या चंचीतले तसले पैसे काढून घेतलेस आणि बदल्यात मूठभर नवे रुपये दिलेस. स्टीलचे. "हे टाक रोज, पाहिजे तेवढे." ती रोज हात जोडून एक टाकायची. रविवारी तू ते सगळे चिमट्यानं वेचायचास, धुऊन पुसून गुपचूप पुन्हा तिच्या चंचीत घालायचास. तिला वाटायचं, लेक नवे आणून देतो. मी एकदा हसले तर म्हणालास, "हसू नको. जगात एवढीच गंगा हाय जी घेतलेलं परत देती."

होळीच्या सुमाराला टाकीतली पहिली गोगलगाय मेली. मग दुसरी. मग बटणं मिटायला लागली, सकाळी उघडायची ती दुपारपर्यंत अर्धवट, नंतर उघडेनातच. छत्रीचा दांडा वाकला. तू मला व्हिडिओ पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'पेशंट बोलत नाही, लॅबवाली बोलव.'

लॅबवाली आली. महिन्यातून एक-दोनदा लातूरहून यायचेच, आता दर रविवारी यायला लागले. पिशवीत तपासणीचे संच घेऊन. खारेपणा बघितला, क्षार बघितले, कॅल्शियम, नायट्रेट, फॉस्फेट, जे जे बघतात ते ते बघितलं. सगळं ठीक. तू मात्र काहीच न तपासता टाकीपुढं बुटक्या स्टुलावर चहाचा कप घेऊन बसून राहायचास. ही तुझी जुनी पद्धत. गोठ्यात गेलास की आधी लांब उभा. जनावर कळपात उभं आहे का बाजूला, कान कसे आहेत, रवंथ चालू आहे का. मालक गडबडून जायचा, 'डॉक्टर, सुई तरी द्या.' तू म्हणायचास, "थांब रं, ती सांगून राहिली न." मला ह्या तुझ्या बसण्याचा इतका राग यायचा! मी पाणी नळीत घेऊन रंग जुळवत असायचे आणि तू चहा पीत काचेकडं बघत.

मग तू ठरवलंस की ऊन. मराठवाड्यातलं ऊन. दुपारी लाइट जाते, इन्व्हर्टरवर गार करायचं यंत्र चालत नाही, पाणी तापतं, पोवळी शिजतात. झालं. तू टाकीवर पंखा लावलास, खिडकीला ओल्या चादरी बांधल्यास, वहिनीच्या एका चांगल्या साडीचाही त्यात बळी गेला. मी म्हणत होते, थर्मामीटरचा काटा कधीच वर गेलेला नाही, मग ऊन कसं? आणि ऊनच असेल तर मासे एवढे टवटवीत कसे? तू म्हणालास, "तुझे आकडे बरोबर हायेत गं. तू विचारून राहिलीस तेच चुकीचं हाय." मी म्हणाले, मग तू बरोबर काय ते विचार. तू म्हणालास, "ऊन हाय ऊन. साधी गोष्ट हाय. तुला साधं पटतच न्हाई." तांब्याचं नाव आपल्या बोलण्यात एकदाच आलं. तू हात झटकून म्हणालास, "तांबं येणार कुठून? आईचे पैसे तर मी तवाच काढून घेतले." मलाही ते पटलं. तू स्वतः लावलेल्या दाराची कडी आपल्यापैकी कुणी पुन्हा हलवून बघितली नाही.

शेवटचा फोन म्हणजे ह्या सगळ्याची उजळणी. छत्री आडवी पडली होती. तू दमलेला वाटलास. मी म्हणाले, आवाज का असा येतोय? तू म्हणालास, जिना चढून आलो. मी म्हणाले, एकदा माझ्याकडं येऊन रक्त देऊन जा, सगळ्या घराचं तपासून झालं, तू तेवढा राहिलास. तू म्हणालास, "मला जनावराचं औषध लागतं, तुझ्या लॅबमधी मिळायचं न्हाई." आपण हसलो. मग पुन्हा उन्हावर आलो, मी 'आडमुठा' म्हणाले, तू 'नळीवाली' म्हणालास आणि फोन ठेवलास. इतकं साधं संभाषण शेवटचं कसं असू शकतं, हे मला अजून समजत नाही. निदान सांभाळून राहा तरी म्हणायला हवं होतंस.

तुला दिवाणखान्यात ठेवलं होतं, टाकीसमोरच. तेवढीच जागा होती. बायका रडत होत्या, आणि ठरलेल्या वेळेला टाकीचे निळे दिवे आपोआप लागले. तुझे ते नारिंगी मासे धावत काचेशी आले, कारण दिवे लागले की तू दाणे टाकतोस. वहिनी उठली, डबीतून चिमूटभर दाणे टाकले आणि पुन्हा येऊन तुझ्या पायाशी बसली. तिचा आक्रोश त्यानंतर सुरू झाला. "येवढा माणूस आतून पोखरत गेला अन् घरात कुणालाच कसं कळलं न्हाई?" हे एकच वाक्य. डॉक्टर म्हणाले की दुखणं आजचं नाही, बरेच दिवस इशारे देत असणार. त्यानंतर ते वाक्य तिच्या तोंडून हललंच नाही. भेटायला येईल त्याला विचारायची. मला विचारायची. भिंतीला विचारायची. "माझ्या शेजारी झोपायचे वन्सं. मला कसं कळलं न्हाई?" आई कोपऱ्यात डोक्यावर पदर ओढून बसलेली असायची. ती काहीच बोलत नव्हती. आम्हाला वाटलं, म्हातारीला धक्का बसलाय.

तुला घेऊन गेल्यावर चुलत्यांनी रीतीप्रमाणे घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतून दिलं. माठ, हंडे, आणि तू टाकीसाठी मीठ कालवून ठेवलेला तो निळा ड्रमसुद्धा. वाया कशाला घालवा म्हणून ड्रम मागच्या कढीपत्त्याला घातला. तुझा समुद्र पिऊन कढीपत्ता दहाव्यापर्यंत वाळून कोळसा झाला. तू असतास तर काकांची महिनाभर खेचली असतीस. मला हसू आलं आणि मग हसू आल्याचीच भीती वाटली.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "वन्सं, टाकी बंद करा. मला ते बघवत न्हाई. रोज येक मरून राहिलंय." मी म्हणाले, तेराव्यापर्यंत थांबा. का म्हणाले, ते मलाही माहीत नव्हतं. तुझं एवढंच काहीतरी अजून श्वास घेत होतं, आणि मला त्याचं बटण दाबायचं नव्हतं.

त्या दुपारी मी तुझ्या स्टुलावर बसले. पिशवी उघडलीच नाही. तुझ्यासारखा चहा घेतला आणि नुसती बघत राहिले, आयुष्यात पहिल्यांदा. दादा, मला मान्य करायला जड जातंय, पण तुझी पद्धत चांगली आहे. चहा संपायच्या आत दिसलं. मासे ठणठणीत, दाण्यांवर तुटून पडणारे. काचेवर एकही गोगलगाय नाही, वाळूत नुसते रिकामे शंख. तुझी ती लांब मिशांची कोळंबी कधी दिसेनाशी झाली, कुणाला पत्ता नाही. पोवळी मिटलेली. हाडाचे तेवढे सुखरूप, आणि बिनहाडाचे सगळे आजारी. आणि मला तुझाच आवाज ऐकू आला, आईला पाटावर बसवून समजावतानाचा.

मी हैदराबादच्या त्या गृहस्थांना फोन लावला. तू गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं, ते माझ्याकडूनच कळलं. मग त्यांनी तांबं तपासायचा संच आणि ते शोषून घेणारी औषधी पुडी ट्रॅव्हल्सच्या गाडीत घालून पाठवली. मी टाकीचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पाणी निळं झालं, म्हणजे तांबं होतं. मी दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. निळंच.

मग शोध सुरू झाला. पंप उघडून बघितला, वायरी बघितल्या, क्लिपा बघितल्या, वाळू चाळली. वाळूत आईचे रुपये होते, स्टीलचे, रविवारी वेचायचे राहिलेले. तांबं कुठंच नाही. शेवटी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, काळ्या काचेच्या आडोशाला हात घातला. वरचं पाणी तिथून धारेनं खाली गाळणीत पडतं, ती जागा. तळाशी बोटांना गोल, बुळबुळीत काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर हिरवा, बुरशीसारखा थर चढलेले पैसे. मधे भोक. चांगले सात-आठ असतील.

मी ते ओढणीत गुंडाळून आईच्या खोलीत गेले. ती खिडकीशी बसली होती. मी तिच्या मांडीवर ठेवले. तिनं एक उचलला, भोकातून बोटाचं टोक फिरवलं.

"कुठं घावले?"

"मागं, पाणी पडतं तिथं. तुझेच ना? दादानं तर सगळे काढून घेतले होते."

"थोडे लुगड्याच्या गाठीला व्हते. माझ्या मायनं दिलेले."

"पण रुपये दिले होते न त्यानं तुला?"

"रुपयानं रोजचं चालतं. नवसाला तांबं लागतं. अन् नवस साचल्या पाण्यात बोलत न्हाईत, शोभे. वाहत्या पाण्यात बोलावं. म्हणून तिथं मागं टाकले, धार हाय तिथं."

"कसला नवस, आई?"

तिनं हातातला पैसा मांडीवर ठेवला. मग तिनं आपलाच डावा दंड उजव्या हातानं दाबून दाखवला. "असं करायचा. जिना चढून आला की असं धरून बसायचा पायरीवर. घामानं भिजलेला. होळीला बघितलं मी पयल्यांदा. मला बघून हसला. म्हणला, पित्त हाय आई, पुरणाचं. कुणाला बोलू नको. हिला बोलू नको, जीव काढंल. शोभीला तर बोलूच नको, सुई घेऊन येईल. मी म्हणलं, मी सांगणार. तर त्यानं माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठिवला. माझी शपथ हाय म्हणला." ती माझ्याकडं वळली. "आता लेकराच्या डोक्यावर हात ठिवल्यावर बोलावं कसं? शपथ मोडली अन् त्यालाच काही झालं तर?"

मी तिच्या पायाशी खाली बसले.

"मंग माणसाला न्हाई सांगितलं. गंगेला सांगितलं. गंगा काही माणूस न्हाई. जवा जवा दंड धरायचा, तवा तवा येक पैसा." तिनं पैसे पुन्हा माझ्या ओढणीत सारले. "न्हाई ऐकलं तिनं."

दादा, तू काय करून ठेवलंस! गाईच्या कानाला हात लावून ताप सांगणारा माणूस तू. तुला पित्त आणि छाती कळत नव्हती? कळत होतं. कळत होतं म्हणूनच शपथ घातलीस. सुईला भ्यालास. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माझा भाऊ सुईला भ्याला, आणि त्यासाठी ऐंशीच्या घरातल्या म्हातारीच्या तोंडावर आपलंच डोकं ठेवून गेला. मला इतका राग आलाय तुझा, की रडायला जागाच उरलेली नाही. बाबांशी भांडून मला लॅबच्या कोर्सला घालणारा तूच. 'पोरगी रक्त बघून चक्कर येऊन पडंल' असं बाबा म्हणाले, तर तू म्हणालास, 'पडली तर मी उचलीन.' माझी लॅब उभी आहे ती तुझ्यामुळं. शेजारच्या चार तालुक्यांतलं रक्त तपासलं मी त्या लॅबमध्ये. तुझ्या रक्ताचा एक थेंब त्यात नाही.

आणि आपण रविवारचे रविवार त्या टाकीपुढं बसून वाद घालत होतो, ऊन का पाणी, पाणी का ऊन. तुझं एकेक दुखणं त्या धारेत जाऊन पडत होतं आणि एकेक बटण मिटत होतं. पेशंट बोलत नाही म्हणालास. बोलत होता रे. आपण दोघंही त्याच्यासमोरच बसलो होतो.

मी आईला हे सांगितलं नाही. तिच्याच पैशांनी पोवळी मारली, हे त्या बाईला आता कुठल्या तोंडानं सांगायचं? पैसे पर्समध्ये टाकले, ड्रम धुऊन नवं पाणी कालवलं, आणि जी काही जगण्यासारखी वाटली ती बटणं एका पांढऱ्या टबात हलवली. औषधी पुडी टाकीत टाकली, ती पाण्यातलं तांबं शोषून रंग बदलते. छत्री वाचली नाही. तिला मी कढीपत्त्याच्या बुडाशी पुरलं, दोघांनी मिळून सोसावं म्हणून.

तेराव्याची पंगत उठली, पाहुणे गेले. सतरंज्या झटकून झाल्या होत्या. वहिनी टबाशी उभी होती. दिव्याखाली एक बटण उघडलं होतं, पूर्ण नाही, पण हिरवी कडा दिसत होती. त्याच्या शेजारचं अर्धं. वहिनीनं वाकून बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रडण्याशिवाय दुसरं काही दिसलं.

"कशानं मरत व्हती वन्सं? कळलं का तुमाला?"

आई खुर्चीत बसली होती, मांडीवर चंची. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

तांबं म्हणाले असते, तर वहिनीनं विचारलं असतं, कुठून आलं. मग कुणी टाकलं. मग कशासाठी. मग तो जिना आला असता, तो दंड आला असता, आणि तिच्या त्या वाक्याला एकदाचं उत्तर मिळालं असतं. घरात एका माणसाला कळलं होतं, हे. मी दुसऱ्या दिवशी लातूरला निघून येणार होते. ह्या दोघींना मात्र एकाच चुलीवर जेवायचं होतं.

"उन्हानं, वहिनी," मी म्हणाले. "दादा म्हणत होता तेच खरं निघालं. ऊनच लागलं त्यांना."

वहिनीनं टबाच्या काठाला हात लावला. मग हसल्यासारखं करून रडायला लागली. "बघा. येवढं एक तरी त्यांचं खरं निघालं."

"इलास रोज सांगून राहिला व्हता," आई म्हणाली. चंचीवर तिची मूठ घट्ट होती. "हीच उगं भांडायची."

"हो," मी म्हणाले. "उगंच भांडत होते मी."

टाकी बंद झाली नाही. वहिनी रोज दाणे टाकते, बटणांचे फोटो पाठवते. आई रोज एक रुपया टाकते. रविवारी मी येऊन वेचीन, असं मी वहिनीला सांगितलं आहे. ती म्हणाली, नको, मीच वेचते, चिमटा कुठं असतो ते मला माहीत आहे. तिला तुझं ते गुपित आधीपासून ठाऊक होतं म्हणे.

परत येताना बस पुलावर आली. पुढच्या सीटवरच्या बाईनं खिडकीतून नाणं टाकलं आणि हात जोडले. माझ्या पर्समध्ये आईचे पैसे होते, पर्स उघडलीही होती. टाकले नाहीत. अजून माझं गंगेशी पटलेलं नाही आणि तुझ्याशी तर नाहीच. ते इथं लॅबच्या टेबलावर माझ्यासमोर आहेत.

आता जो विचारेल त्याला मी ऊन सांगणार. आईपुढं, वहिनीपुढं, अख्ख्या नांदेडपुढं तू जिंकलास. तू आईला घातलेली शपथ आता मी पाळतेय. पण तुझ्यापुढं मी हार मानणार नाही, आणि तुला ते सांगायला फोन लावायचीही सोय तू ठेवली नाहीस, म्हणून इथं लिहून ठेवते. ऊन नव्हतं, दादा.